आर्टेमिया हॅचरी, आठ महिने वापरल्यावर (ॲक्सोलॉटलच्या पिल्लांसाठी)

ही हॅचरी, म्हणजे पिल्लांसाठी जिवंत खाणं घरी उबवायचं भांडं, जानेवारीत घेतली, आता सप्टेंबर संपत आला. मधे ॲक्सोलॉटलच्या पिल्लांच्या दोन बॅच हिच्यावरच मोठ्या झाल्या, त्यामुळे आता नीट लिहिता येईल. घेताना मराठीत कुठे काही वाचायला मिळतंय का शोधलं होतं, काहीच मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आम्ही जर्मनीत ड्रेस्डेनला, छपराखालच्या फ्लॅटमध्ये. दोन ॲक्सोलॉटल दोन वेगवेगळ्या ब्रीडरकडून घेतलेले, दोन्ही माद्या आहेत असं सांगितलं होतं. हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तलावाचा सॅलमँडर (बेडकाच्या जातकुळीतला, शेपटीवाला उभयचर), आयुष्यभर पाण्यात राहतो, बाहेरचे कल्ले मोठेपणीही तसेच राहतात आणि त्याच अवस्थेत अंडी घालतो. तर जानेवारीत एका सकाळी टाकीतल्या दगडांवर जेलीचे छोटे छोटे शंकू, टोकाला पांढरे. मला आधी बुरशी वाटली. पण ते नराने ठेवलेले शुक्राणू होते, मादी त्यावरून जाते आणि ते आत घेते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकूण एक पानाला अंडी चिकटलेली, मोजली तर तीनशेच्या वर. हजारापर्यंतही जातात म्हणे, तर हे काहीच नाही.

साठ ठेवली, बाकीची त्याच रात्री फ्रीजरमध्ये. वाचून वाईट वाटेल, मलाही हात जड झाला होता, पण गर्भाला आकार येण्याआधीच हे करायचं असतं, आणि तीनशे पिल्लांना घरात जगवणं शक्य नाही हे मला आज जास्त पटतंय. अंडी फुटायला काही करावं लागत नाही, अठरा डिग्रीला साधारण अडीच आठवड्यांत आपोआप फुटतात. पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, आणि मग खरं काम सुरू होतं कारण त्याला फक्त हलणारं खाणं कळतं. समोर पावडर टाका, गोळी टाका, बघणारसुद्धा नाही. जिवंत पाहिजे, आणि पिल्लू जेमतेम सेंटीमीटरभर म्हणजे खाणं अर्धा मिलिमीटरचं. ते म्हणजे आर्टेमियाची, खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची, ताजी पिल्लं.

हॅचरी म्हणजे लिटरभराचं उलटं शंकूच्या आकाराचं प्लॅस्टिकचं भांडं, खाली नळ, आत हवेची नळी. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेलं), चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, हवा चालू, वर लाइट. 27-28 डिग्रीला 24 तासांत केशरी ढग तयार. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, वरून अंधार आणि खाली टॉर्च, आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे खाली येतात, रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात. म्हणून नळ उघडल्यावर पहिला घोटभर पाणी फेकून द्या आणि शेवटचं वरचं पाणी घेऊच नका, टरफलं ॲक्सोलॉटलच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. बारीक जाळीतून गाळून गोड्या पाण्यात धुवायचं आणि लगेच खायला द्यायचं, आर्टेमियाचा स्वतःचा बलक काही तासांत संपतो, नंतर त्यात दम राहत नाही.

आता जे कुठल्याच बॉक्सवर लिहिलेलं नसतं ते. आर्टेमियाला 27 लागतं आणि ॲक्सोलॉटलच्या पिल्लांना 18, आणि तुमची खोली एकच. जानेवारीत आमची खोली 19-20 होती, पहिल्या दोन वेळा 40 तास झाले तरी अर्धीच अंडी फुटली, मला वाटलं अंड्यांचा डबा खराब निघाला. डबा ठीक होता, पाणी गार होतं. शेवटी एका बादलीत कोमट पाणी, त्यात छोटा हीटर, आणि हॅचरी त्या बादलीत उभी. तेव्हापासून एकदाही चुकली नाही. उन्हाळ्यात बरोबर उलटं, छपराखाली 30 डिग्री, आर्टेमिया 20 तासांत तयार पण पिल्लांच्या डब्यांत दिवसातून तीनदा बर्फाच्या बाटल्या बदलत होते.

पहिल्या बॅचमध्ये माझ्याकडे एकच हॅचरी, म्हणजे एक दिवस आड ताजं खाणं, आणि मधल्या दिवशी कालचंच उरलेलं. त्याचा परिणाम तिसऱ्या आठवड्यात दिसला. पुढचे पाय नुकतेच फुटलेले, आणि भुकेली पिल्लं जे हलेल ते चावतात, मग ते शेजाऱ्याचा पाय असो नाहीतर कल्ले. एका सकाळी अकरा पिल्लांचे पाय तुटलेले बघितले आणि रडूच आलं. पाय परत येतात, पाच-सहा आठवड्यांत बोटांसकट आले (याच गुणामुळे जगभर त्याच्यावर अभ्यास चालतो, 2018 साली त्याचा जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचला गेला, 32 अब्ज अक्षरं, माणसाच्या दहापट, आणि त्यात आमच्या गावातल्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटचाही हात होता). पण कल्ले गेलेली लहान पिल्लं टिकत नाहीत. साठातली 23 उरली.

मेमध्ये दुसरी बॅच, मधे चार महिने मादीला वेगळ्या टाकीत पूर्ण विश्रांती दिली होती. या वेळी 40च अंडी, आणि दोन हॅचऱ्या बारा तासांच्या अंतराने, सकाळ-संध्याकाळ ताजं खाणं. 34 जगली, एकाचाही पाय गेला नाही. फरक फक्त एवढाच होता.

तक्रारी पण आहेत. नळाचा वॉशर तिसऱ्या महिन्यात गळायला लागला, खारं पाणी लाकडी शेल्फमध्ये मुरलं, विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही. मिठाचा थर झाकणावर जमतो, आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुवावं लागतं नाहीतर वास येतो. हवेचा पंप रात्री ऐकू येतो, बेडरूममध्ये नकोच. हे सगळं धरूनही दुसरी मी हीच घेतली कारण बाटली कापून केलेल्या हॅचरीत टरफलं नीट वेगळी होत नाहीत, ते मी आधी करून बघितलंय.

पिल्लं अडीच-तीन सेंटीमीटरची झाली की डॅफ्निया (गोड्या पाण्यातले बारीक पिसवेसारखे जीव), मग चिरलेली गांडुळं, तेव्हा हॅचरीचं काम संपतं. पिल्लं देताना प्रत्येकाला आईबापाच्या माहितीसकट कागद दिला. हा प्राणी साइटिसच्या (दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे म्हणून कागद लागतोच, आणि दुसरं म्हणजे 1864 साली पॅरिसला पोचलेल्या 34 ॲक्सोलॉटलपासून पाळीव ॲक्सोलॉटलची बरीचशी वंशावळ निघाली आहे, ज्यांनी ते वाढवून पुढे वाटले त्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ओगस्त द्युमेरीलकडे तर त्यातले सहाच आले होते, पाच नर आणि एक मादी, त्यामुळे भावाबहिणीची जोडी लावू नका. पुण्या-मुंबईतून कोणी विचारत असाल तर 2022च्या दुरुस्तीनंतर भारतातही वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागते, आणि चिलर (टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र) शिवाय तर विचारच करू नका.

सध्या दोन्ही हॅचऱ्या धुऊन कपाटात आहेत, एकीला नवा वॉशर टाकायचाय. नर एका टाकीत, मादी दुसऱ्या, या हिवाळ्यात तसेच राहतील.