अँड्रॉइड एमुलेटरचं नेटवर्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइड स्टुडिओच्या एमुलेटरच्या (ॲप तपासायला लॅपटॉपवर चालणाऱ्या आभासी फोनच्या) वेगाबद्दल आता फारशी तक्रार उरलेली नाही. लॅपटॉपवरच्या सर्व्हरशी त्याला जोडायचं म्हटलं की मात्र नवखा माणूस हमखास अडकतो. लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, याचा अर्थ ‘हेच यंत्र’; त्यामुळे एमुलेटरमधला लोकलहोस्ट म्हणजे एमुलेटर स्वतः, लॅपटॉप नव्हे. प्रत्येक एमुलेटर आपापल्या आभासी राउटरमागे बसलेला असतो आणि तिथून लॅपटॉपचा १२७.०.०.१ हा १०.०.२.२ या पत्त्यावर सापडतो. आयफोनच्या सिम्युलेटरला ही भानगड नाही, तो थेट मॅकचंच नेटवर्क वापरतो.

१०.०.२.२ टाकूनही ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर सर्व्हर कुठे ऐकतोय ते आधी बघा. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १७ पासून ‘लोकलहोस्ट’चा अर्थ बऱ्याचदा आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांतला, ::१ असा लागतो. ब्राउझरमध्ये सगळं चालतं, एमुलेटर मात्र १२७.०.०.१ वर जाऊन हात हलवत परततो. सर्व्हर १२७.०.०.१ वर बांधला की काम होतं, ०.०.०.० (म्हणजे यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर) लागत नाही, उलट त्यामुळे तो ऑफिसच्या अख्ख्या वाय-फायवर उघडा पडतो. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये १०.०.२.२ हा अलाउड होस्ट्समध्ये, म्हणजे परवानगीच्या पत्त्यांच्या यादीत, घालावा लागतो. अँड्रॉइड ९ साठी किंवा त्यापुढच्यासाठी बांधलेल्या ॲपमध्ये साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. त्याची सूट फक्त डीबग बिल्डच्या (चाचणीच्या आवृत्तीच्या) नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये, तीही याच एका पत्त्यापुरती द्या. मुख्य मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) सरसकट सूट दिली की ती रिलीजमध्येही जाते.

रोजच्या कामाला मात्र आमचं मत ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:८०८० टीसीपी:८०८०’लाच. एडीबी हे लॅपटॉपवरून अँड्रॉइडला आदेश देणारं साधन; ही कमांड फोनमधला ८०८० पोर्ट लॅपटॉपच्या ८०८० ला जोडते. ॲपमध्ये पत्ता लोकलहोस्टच राहतो, लॉगिननंतरचे रीडायरेक्ट बिघडत नाहीत आणि यूएसबीने जोडलेल्या खऱ्या फोनवरही तेच चालतं. ऑफिसच्या गेस्ट वाय-फायवर उपकरणं एकमेकांना दिसत नसतील तर याची किंमत कळते. खोट एकच: एमुलेटर किंवा एडीबी पुन्हा सुरू झाला की जोडणी जाते. म्हणून ती रन करण्याआधीच्या स्क्रिप्टमध्येच टाका. दोन एमुलेटर चालू असतील तर ‘-एस एमुलेटर-५५५४’ असं नेमकं सांगावं लागतं.

खरा वैताग डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. एमुलेटर सुरू होताना लॅपटॉपचे त्या क्षणीचे डीएनएस सर्व्हर वाचतो, जास्तीत जास्त चार, आणि १०.०.२.३ पासून पुढच्या पत्त्यांवर मांडतो. दिवसा ऐरोलीत ऑफिसचं नेटवर्क, संध्याकाळी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला पोचून घरचं वाय-फाय, आणि मधे लॅपटॉप नुसता मिटलेला: एमुलेटर अजून ऑफिसच्याच सर्व्हरला नावं विचारत बसतो. खूण ओळखायला सोपी आहे, आकडी पत्ता चालतो पण नाव सापडत नाही. व्हीपीएन मागाहून जोडलं तरी हेच होतं. एमुलेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, किंवा कमांड लाइनवरून ‘-डीएनएस-सर्व्हर’ला हवा तो पत्ता देऊन सुरू करा. निदान करताना पिंगवर (जोडणी तपासणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. हे नेटवर्क टीसीपी आणि यूडीपी नेतं, पिंगचं आयसीएमपी पोचेलच असं नाही.

होस्ट्स फाइल (नाव आणि पत्त्यांच्या जोड्यांची यादी) बदलायची हौस असेल तर एव्हीडी (एमुलेटरमधला आभासी फोन) बनवतानाच प्ले स्टोअर नसलेली, ‘गूगल एपीआयज’वाली इमेज निवडा. प्ले स्टोअरवाल्या इमेजवर ‘एडीबी रूट’ (पूर्ण अधिकार मागणारी कमांड) सरळ नकार देतो. मग ‘-रायटेबल-सिस्टम’ देऊन सुरुवात, रूट, रीमाउंट आणि शेवटी /सिस्टम/इटीसी/होस्ट्स. अँड्रॉइड १० पासून आधी व्हेरिफिकेशन बंद करून रीबूटही करावं लागतं. पुढच्या वेळी ‘-रायटेबल-सिस्टम’ द्यायचा राहिला की बदल दिसतच नाहीत. एवढा खटाटोप एका नावासाठी परवडत नाही. सर्व्हरचा पत्ता बिल्ड व्हेरिएंटमध्ये (ॲपच्या त्या-त्या आवृत्तीत) वेगळा ठेवला की ही फाइल उघडायची वेळच येत नाही.