परदेशी हायस्कूलला जायच्या आधी इंग्लिश: पुण्यातला क्लास, वन-टू-वन शिकवणी की तिकडे जाऊन कोर्स?

आमच्या घरातून दोन मुलं बाहेर शिकायला गेली. एक माझा मुलगा, नववीला न्यू जर्सीला, कारण त्याच्या बाबांची बदली झाली आणि आम्ही सगळेच डिपेंडंट व्हिसावर गेलो. दुसरी माझी भाची, दहावी करून मेलबर्नला, माझ्या भावाकडे म्हणजे तिच्या मामाकडे. मुलगा बाणेरच्या इंग्लिश मीडियममधला आणि भाची शनिवार पेठेतल्या शाळेत सेमी इंग्लिशला, म्हणजे गणित-सायन्स इंग्लिशमध्ये आणि इतिहास-भूगोल मराठीत. दोघांचं मिळून आम्ही क्लास, शिकवणी आणि तिकडचा कोर्स असं तिन्ही करून बघितलंय, पैसे पण घालवलेत, आणि आता सोसायटीत कोणाचंही पोरगं बाहेर चाललं की मला लिफ्टमध्ये "कुठला क्लास लावू" विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे बघा की नक्की अडतं कुठे. माझा मुलगा आमच्याशी भांडतो सुद्धा इंग्लिशमध्ये, त्यामुळे आम्ही निवांत होतो. पण बोलायचं इंग्लिश वेगळं आणि शाळेचं इंग्लिश वेगळं. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी हा फरक १९७९ मध्येच मांडला होता: मैदानावर, कँटीनमध्ये बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धडा वाचून त्यावर मुद्देसूद लिहिण्याची भाषा तिथल्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आता आपलं मूल काही शून्यापासून सुरू करत नाही, पण चौदा-पंधराव्या वर्षी जाणाऱ्याकडे पाच-सात वर्षं नसतातच ना, बारावी डोक्यावर असते.

आणि आपल्या मुलांची खरी बोंब लिहिण्यात आहे, कारण आपण डायजेस्टवर वाढलेले. उत्तर पाठ करायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं, मार्क पूर्ण. तिकडे नेमकं तेच केलं तर चोरी. मुलाने पहिल्याच महिन्यात सोशल स्टडीजच्या निबंधात वेबसाइटवरची चार वाक्यं छान अक्षरात, म्हणजे छान फाँटमध्ये, टाकली आणि टीचरने घरी मेल पाठवला. त्याला कळेचना की काय चुकलं, आणि खरं सांगायचं तर मला पण पहिल्यांदा कळलं नव्हतं.

तर पहिला पर्याय, पुण्यातला क्लास. एफसी रोड, डेक्कन, कर्वे रोडला पाट्याच पाट्या आहेत पण नव्वद टक्के आयईएलटीएसच्या, म्हणजे बाहेरच्या कॉलेजला जाणारे देतात त्या इंग्लिशच्या परीक्षेच्या. भाचीला आम्ही अशाच एका क्लासला घातलं, नाव नाही घेत. बॅचमध्ये एमएसला जाणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलं आणि ही पंधरा वर्षांची एकटी कोपऱ्यात, विषय काय तर "शहरातील वाहतूक समस्येवर सरकारने काय करावे", आणि त्याची पाठ करायची चौकट, पहिल्या परिच्छेदात हे वाक्य, शेवटी ते वाक्य. म्हणजे परत डायजेस्टच की! आयईएलटीएस मुळात सोळा वर्षांच्या पुढच्यांसाठी सुचवलेली परीक्षा आहे आणि तिची फीच सतरा-अठरा हजार, त्यामुळे शाळेने मागितली नसेल तर उगाच देऊ नका. शाळकरी मुलांसाठी वेगळ्या परीक्षा असतात: ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच शाळा एईएएस घेतात, ब्रिटनमधल्या खाजगी शाळा युकेआयसेट, आणि टोफेल ज्युनियर अकरा वर्षांपासून देता येते, तिचा स्कोअर ६०० ते ९०० मध्ये येतो पण तिच्या नेहमीच्या पेपरात लिखाण आणि बोलणं नसतं, फक्त ऐकणं, वाचणं आणि व्याकरण-शब्द, हे लक्षात ठेवा नाहीतर ८०० आले म्हणून आपण पेढे वाटायचो. ब्रिटनच्या चाइल्ड स्टुडंट व्हिसाला तर इंग्लिशच्या परीक्षेची अटच नाहीये, शाळा स्वतःच्या समाधानासाठी घेते तेवढंच. म्हणून क्लासमध्ये पाय ठेवायच्या आधी शाळेला मेल करून विचारा की तुम्हाला कुठली परीक्षा चालते.

आता तासांचा हिशोब करू, कारण "तीन महिन्यांत फ्लुएंट" हे सगळ्या पाट्यांवर असतं. इंग्लिशच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजचा अंदाज आहे की एका लेव्हलवरून दुसरीवर, म्हणजे मधल्या बी-वन वरून तिच्या वरच्या बी-टू वर, जायला शिक्षकाबरोबरचे साधारण २०० तास लागतात. क्लास आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, तीन महिने म्हणजे सगळे मिळून नव्वद तास, म्हणजे अर्धी लेव्हल सुद्धा नाही, आणि ते पण वीस जणांत वाटून. क्लास अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही, भाचीची चारचौघांत इंग्लिश बोलायची भीती गेली, कॉम्प्युटरवर टाइप करून उत्तर लिहायची सवय लागली, आणि आमचे वीस हजाराच्या आत निभावले. ठरावीक तारखेला ठरावीक परीक्षा द्यायचीच असेल तर क्लास ठीक. शाळेची तयारी म्हणून नाही. (गंमत म्हणजे सिम्बायोसिसची एल्टिस ही इंग्लिश शिकवणारी संस्था आपल्याच पुण्यात आहे आणि तिथे बाहेरच्या देशातली मुलं इंग्लिश शिकायला येतात, आणि आपण आपली मुलं घेऊन विमानात बसतो.)

दुसरा पर्याय वन-टू-वन, आणि माझा स्वतःचा कल इकडे आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही ते पुढे सांगते. मुलासाठी कोथरूडच्या एक बाई मिळाल्या, ज्युनियर कॉलेजला इंग्लिश शिकवून रिटायर झालेल्या, तासाला सातशे, आठवड्यात तीन दिवस, पाच महिने. म्हणजे साठ तास आणि बेचाळीस हजार, तासाच्या हिशोबाने क्लासपेक्षा कितीतरी महाग. पण बाईंनी पहिल्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तो जाणार त्या शाळेचा नववीचा सिलॅबस आणून द्या, आपण त्यातूनच शिकू." मग रोज एकच काम: एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, दहा ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या, कुठून घेतलं ते खाली लिहायचं. पहिले पंधरा दिवस नुसती रडारड. सायन्सच्या शब्दांना हात पण लावला नाही, ते त्याला येतच होते, भर कशावर तर कंपेअर, इव्हॅल्युएट, जस्टिफाय, इन्फर असल्या प्रश्नातल्या शब्दांवर, कारण आपल्याकडे सगळ्याचं भाषांतर "सांगा" आणि "लिहा" एवढंच होतं.

बाईंनी अजून एक केलं जे मला कुठल्याच क्लासच्या माहितीपत्रकात दिसलं नाही, बोलण्यातला आदर. आपण मराठीत "मला जरा ते द्या ना" म्हणतो, आदर त्या "द्या"मध्ये आणि "ना"मध्ये असतो, तो इंग्लिशमध्ये आणताना गळून पडतो आणि उरतं "गिव्ह मी दॅट". मूल उद्धट नसतं पण वाटतं. कुड यू, वुड यू तोंडात बसवावं लागतं. तसंच "आय हॅव अ डाउट". आपल्याकडे ह्याचा अर्थ मला प्रश्न विचारायचाय, तिकडे टीचरला वाटतं हा माझ्यावर शंका घेतोय. अमेरिकेत "ट्यूशन" म्हणजे फी, शिकवणी नाही, तर मुलाने पहिल्या आठवड्यात "माय मदर वॉज सर्चिंग ट्यूशन फॉर मी" असं सांगितलं आणि काउन्सेलरला वाटलं आम्ही फी भरायला पैसे शोधतोय.

वन-टू-वनचा तोटा म्हणजे सोबत नाही. बाई सावकाश, स्पष्ट, प्रेमाने बोलायच्या आणि वर्गातली मुलं तसं बोलत नाहीत, चार जण एकदम बोलतात, अर्धं वाक्य गिळतात, त्यामुळे ग्रुपवर्कमध्ये पहिले दोन महिने हा गप्पच बसायचा. त्यासाठी आम्ही शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एक ऑनलाइन ग्रुप लावला, तो तसा उशीरच झाला. आणि साठ तासांत लेव्हल चढत नाही, मूल आधीच बऱ्या लेव्हलला असेल तर भोकं बुजतात इतकंच.

तिसरा पर्याय, तिकडे जाऊन आधी भाषेचा कोर्स आणि मग शाळा. हे सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियात रुळलंय, हायस्कूल प्रेपरेशन किंवा इंटेन्सिव्ह इंग्लिश म्हणतात, साधारण १० ते ४० आठवडे, मूल किती कच्चं त्यावर. स्टुडंट व्हिसावरच्या इंग्लिश कोर्सला आठवड्याला कमीत कमी २० तास वर्ग असतो, म्हणजे भाचीच्या २० आठवड्यांचे ४०० तास झाले, वरच्या केंब्रिजच्या हिशोबाने दोन लेव्हल. पुण्यातले नव्वद आणि तिकडचे चारशे, तुलना करायलाच नको. वर्गात व्हिएतनाम, चीन, कोलंबियाची मुलं, मराठी तर सोडाच हिंदी पण कोणाला येत नाही, त्यामुळे डबा शेअर करायचा तरी इंग्लिशमध्येच. विषय पण शाळेचेच असतात, प्रयोगाचा रिपोर्ट लिहा, नकाशा समजावून सांगा वगैरे.

पण पैसे! आम्ही चौकशी केली तेव्हा नुसती फी आठवड्याला ३०० ते ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर ऐकली, म्हणजे २० आठवड्यांचे तीन-साडेतीन ते पाच-साडेपाच लाख, राहणं-खाणं वेगळं. आमचं मामामुळे वाचलं, अठराच्या आतल्या मुलांना जवळच्या नातेवाइकाकडे राहायची परवानगी मिळते, ती सोय नसेल तर होमस्टे, आणि मग आकडा बघून बसायला खुर्ची लागते. शिवाय मूल एकदम एकटं पडतं. भाची पहिल्या महिन्यात रोज रात्री फोन करून आईला "परत येऊ का" विचारायची आणि ताई इकडे रडायची.

हा पर्याय प्रत्येक देशात असाच मिळत नाही हे पण बघा. अमेरिकेत एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर सरकारी हायस्कूलला जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि पूर्ण खर्च आपण भरायचा, त्यामुळे त्या व्हिसावर खाजगी शाळाच बघावी लागते. आमच्यासारखे नोकरीमुळे गेलेले असतील तर सरकारी शाळा फुकट आणि इंग्लिशची मदत पण फुकट, ती देणं शाळांना बंधनकारक आहे, १९७४ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या लाउ विरुद्ध निकोल्स निकालापासून. प्रवेशाच्या वेळी फॉर्म असतो, घरी कुठली भाषा बोलता. आम्हाला तीन ओळखीच्या लोकांनी सांगितलं "इंग्लिश लिहा, नाहीतर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील." आम्ही मराठी लिहिलं, मग त्याची विडा नावाची इंग्लिशची चाचणी झाली, ऐकणं-बोलणं-वाचणं मस्त, लिखाण कमी, आणि त्या कागदामुळे आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं की काम कुठे करायचंय. खोटं लिहू नका, घाबरायचं काही नसतं त्यात.

कॅनडात ओंटारिओमध्ये मधला मार्ग आहे, शाळेतच ईएसएलचे, म्हणजे इंग्लिश दुसरी भाषा असलेल्यांच्या वर्गांचे, ए पासून ई पर्यंत पाच टप्पे, आणि डिप्लोमाला, म्हणजे तिथल्या बारावी पासच्या सर्टिफिकेटला, इंग्लिशचे जे चार सक्तीचे क्रेडिट लागतात त्यातले तीन पर्यंत ह्यातून भरता येतात, चौथं मात्र बारावीचं नेहमीचं इंग्लिशच. म्हणजे वेगळा कोर्स करून वर्ष घालवायची गरज पडत नाही, पण दहावी-अकरावीत गेलेल्याला पाच टप्पे चढायला वेळ कुठून आणणार.

सेमीवाल्यांना एक उपयोगाची गोष्ट. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, अकरावी-बारावीला इंग्लिश टाळता येत नाही आणि विद्यापीठाच्या रँकमध्ये इंग्लिशचा स्कोअर धरलाच जातो, पण ईएएल म्हणून, इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठीचा, वेगळा पेपर घेता येतो. अट अशी की ऑस्ट्रेलियात सात वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत आणि शिक्षणाचं मुख्य माध्यम इंग्लिश असलेली वर्षं पण सातच्या वर नकोत. म्हणजे आपल्या इंग्लिश मीडियमवाल्यांना सहसा नाहीच मिळत, आणि मराठी किंवा सेमीच्या मुलीला मिळू शकतो. शाळेचं माध्यमाचं पत्र इकडूनच घेऊन जा, तिकडून मागवायला फार वेळ जातो, आम्ही तीन चकरा मारल्या.

ठरवायचं कसं म्हणाल तर घरी एक करा. इंग्लिश पेपरमधली अर्ध्या पानाची बातमी द्या, दोनदा वाचू दे, पेपर काढून घ्या, पंधरा मिनिटांत दहा ओळी आपल्या शब्दांत लिहायला सांगा. अर्थ धरून लिहिलं, चुका असल्या तरी, तर वन-टू-वन पुरेल, निदान पाच महिने हातात ठेवा. बातमीतलीच वाक्यं आठवून आठवून उतरवली, तर आधी ती सवय मोडायची, तरी वन-टू-वनच पण लवकर सुरू करा. तीन ओळींवर अडला आणि थेट अकरावीला जायचंय, तर मी तिसरा पर्याय म्हणेन, पैसे जात असले तरी, कारण अकरावीत तिथे कोणी थांबत नाही तुमच्यासाठी. आणि इतके पैसे नसतील तर सरळ एक वर्ष उशिरा पाठवा, इकडे अकरावी करू दे आणि वर्षभर शिकवणी, त्यात कमीपणा काही नाहीये.

वेळेचं गणित भाचीचं नशिबाने जुळलं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, रिझल्ट मे मध्ये, व्हिसा, आणि मेलबर्नची तिसरी टर्म जुलैच्या मध्यावर सुरू होते, तिसरी-चौथी मिळून साधारण २० आठवडे डिसेंबरपर्यंत, आणि जानेवारीच्या शेवटी अकरावी. इकडच्या मैत्रिणींच्या मागे सहा महिने पडली, बस. अमेरिका-कॅनडाला शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला उघडते, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी शिकवणी दिवाळीनंतर लगेच लावा, बोर्डाचा पेपर संपायची वाट बघत बसलात तर हातात जेमतेम चार-पाच महिने उरतात आणि त्यातला एक व्हिसा आणि बॅगा भरण्यात जातो.