‘पाहा आकृती —’: सॅक्सन आणि एफओपीबरोबर नऊ महिने

यंत्रांच्या देखभालीची दोन खंडांची पुस्तिका. दोन्ही खंड मिळून साडेसहाशेच्या आसपास पानं, एकोणीस प्रकरणं, आणि जवळपास प्रत्येक पानावर ‘अमुक आकृती पाहा’ नाहीतर ‘तमुक कृती आधी पूर्ण करा’. मजकूर डॉकबुक ५ मध्ये, म्हणजे तांत्रिक पुस्तकांसाठीच्या एक्सएमएल खुणांच्या पद्धतीत आहे, प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, आणि त्या जोडायला एक्सइन्क्लूड. रूपांतराला सॅक्सन या एक्सएसएलटी प्रोसेसरची होम एडिशन, पानं लावायला अपाची एफओपी, आणि हे सगळं एकापाठोपाठ चालवणारी एक स्क्रिप्ट. एक्सएसएलटी ही एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा; तिच्यातल्या स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराच्या नियमांच्या फाइली, आम्हीच लिहिल्या आहेत. नऊ महिने रोज हीच जोडणी वापरतोय. इथे फक्त क्रॉस-रेफरन्सबद्दल, म्हणजे वर सांगितलेल्या ‘अमुक पाहा’ संदर्भांबद्दल लिहितो. समास, फॉन्ट, तक्ते एकदा बसले की बसले. संदर्भ मात्र मजकूर हलला की दर वेळी नव्याने सोडवावे लागतात.

तक्रार आधी सांगतो, कारण ती मोठी आहे. दुसऱ्या महिन्यात एका प्रुफात ‘झडप उघडण्यापूर्वी नुसार दाब उतरवा’ असं वाक्य आलं. मधला संदर्भ गायब. संपादनात त्या कृतीचा आयडी (तिला ओळखण्यासाठी फाइलमध्ये दिलेलं नाव) बदलला गेला होता आणि संदर्भ जुन्याच नावाने तिला शोधत होता. एक्सएसएलटीतल्या, नावावरून घटक शोधणाऱ्या ‘की’ या फंक्शनला काही सापडलं नाही की ते रिकामा संच परत देतं, रिकाम्या संचावर टेम्पलेट (स्टाइलशीटमधला एकेक नियम) चालत नाही, आणि रूपांतर बिनबोभाट पूर्ण होतं. एररही नाही, वॉर्निंगही नाही. भाषेच्या नियमांप्रमाणे यात काही चुकलेलं नाही, पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला कोणती कृती आधी करायची ते कळलंच नसतं. लाटेक या दुसऱ्या अक्षरजुळणी प्रणालीत अशा जागी ठळक दोन प्रश्नचिन्हं छापली जातात आणि ती डोळ्यांना टोचतात. रिकामी जागा तीन जणांच्या मुद्रितशोधनातून निसटली.

त्या दिवसापासून स्क्रिप्टमधली पहिली पायरी रूपांतराची नाही, तपासणीची आहे. सगळ्या फाइली जोडून झाल्या की एक छोटी स्टाइलशीट तीन याद्या काढते: लक्ष्य नसलेले संदर्भ, दोनदा आलेले आयडी, आणि ज्यांचा मजकुरात कुठेच उल्लेख नाही अशा आकृत्या. पहिल्या दोन याद्यांत एक जरी नोंद असली तरी काम तिथेच थांबतं, पीडीएफ बनतच नाही. संदेश देऊन रूपांतर थांबवायची सोय एक्सएसएलटीत पहिल्या आवृत्तीपासून आहे. फक्त पहिल्या चुकीला थांबू नका. सगळ्या चुका गोळा करून शेवटी थांबा. नाहीतर एक दुरुस्त केली की दुसरी समोर येते, आणि सकाळ त्यातच जाते.

आयडी जुळतात की नाही हे तपासणं तर एक्सएमएलमध्ये १९९८ पासून आहे, मग वेगळी स्क्रिप्ट कशाला, असा प्रश्न मला विचारला गेलाय. डीटीडीमध्ये (दस्तऐवजाच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलीत) आयडी आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा आयडीरेफ हे प्रकार आहेत हे खरं. आयडी दस्तऐवजात एकदाच यायला हवा आणि आयडीरेफला त्याच दस्तऐवजात जोडीदार हवा, हा नियमही पक्का आहे. अडचण ‘त्याच दस्तऐवजात’ या दोन शब्दांत आहे. सातवं प्रकरण एकटं एडिटरमध्ये उघडलं की बाकीच्या प्रकरणांकडे जाणारे सगळे संदर्भ लाल दिसतात. लाल बघायची सवय झाली की खरी चूकही त्याच लालीत मिसळून जाते. म्हणून आयडीची तपासणी आम्ही फक्त जोडलेल्या दस्तऐवजावर करतो. एक्सइन्क्लूडचा आणखी एक फटका बसला: सुरक्षेच्या सूचनांची एकच फाइल दोन प्रकरणांत घेतली आणि तिच्यातला आयडी दोनदा आला. आता अशा सामायिक तुकड्यांना आतून आयडी द्यायचा नाही, ज्या विभागात तो तुकडा येतो त्या विभागाला द्यायचा, असं ठरवून टाकलंय.

क्रमांकांबद्दल मात्र मी या जोडणीवर खूश आहे. आकृतीच्या ओळीत ५.३ आणि मजकुरात ५.४ असा घोळ सुरुवातीला एकदा झाला होता. शीर्षक नसलेली चित्रं एका टेम्पलेटमध्ये मोजली जात होती, दुसऱ्यात नाही. मग क्रमांक काढणारं टेम्पलेट एकच ठेवलं, त्याला स्वतंत्र मोड दिला, आणि आकृतीखालची ओळ, मजकुरातला संदर्भ व आकृत्यांची यादी या तिघांनाही क्रमांक तिथूनच घ्यायला लावला. त्यानंतर सात महिन्यांत एकही क्रमांक चुकलेला नाही. एक्सएसएलटी १.० मध्ये क्रमांक देणारा घटक फक्त ‘मी जिथे उभा आहे’ त्याच नोडचा (दस्तऐवजातल्या घटकाचा) क्रमांक काढतो, म्हणून आधी लक्ष्यावर जावं लागतं. २.० मध्ये कोणता नोड मोजायचा हे थेट सांगता येतं, आणि ‘की’ फंक्शनला कोणत्या दस्तऐवजात शोधायचं हेही तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये देता येतं. सॅक्सन निवडण्यामागे हीच दोन कारणं होती. देवनागरी आकड्यांसाठी वेगळं काहीच करावं लागलं नाही. फॉरमॅटमध्ये ‘१’ लिहिला की पुढचे आकडे देवनागरीत येतात.

आता पृष्ठक्रमांक. आकृतीचा क्रमांक मजकुराच्या रचनेतून कळतो, पानं लागण्याआधीच. पानाचा आकडा पानं लागल्याशिवाय कळत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना एकाच टेम्पलेटमध्ये कोंबण्यात माझे पहिले काही आठवडे गेले. एक्सएसएल-एफओमध्ये, म्हणजे एफओपीला द्यायच्या पानरचनेच्या भाषेत, ‘या आयडीचं पान इथे छाप’ असं सांगणारा घटक असतो आणि एफओपी तो नीट पाळतं. पण संदर्भ पुढच्या पानाकडे जात असेल, तर ओळ तोडताना एफओपीला खरा आकडा माहीत नसतो. ते रोमन एम या अक्षराच्या तिप्पट रुंदीइतकी जागा अंदाजाने धरतं, आणि नंतर खरा आकडा आला की त्याच ओळीतल्या मोकळ्या जागा कमी-जास्त करून तो बसवतं. ओळ पुन्हा तुटत नाही. लांब ओळीत हे कळतही नाही, पण अरुंद तक्त्याच्या रकान्यात शब्द विस्कटलेले दिसतात. अशा रकान्यांत आम्ही पानांचे संदर्भ देणंच बंद केलं.

‘पृष्ठ ८८’ ऐवजी ‘पुढील पानावर’ हवं असेल तर एका फेरीत, म्हणजे रूपांतर आणि पानं लावणं एकदाच चालवून, ते होत नाही. त्यासाठी एफओपीला पीडीएफऐवजी एरिया ट्री, म्हणजे लागलेल्या पानांचा आराखडा, एक्सएमएल स्वरूपात द्यायला सांगतो. त्यात प्रत्येक पानाचा क्रमांक असतो आणि कोणत्या आयडीचा घटक त्या पानावर पडला हेही असतं. एखादा परिच्छेद दोन पानांत विभागला तर त्याचा आयडी दोनदा दिसतो. तेव्हा पहिलं पान धरायचं. स्क्रिप्ट यातून आयडी आणि पान यांचा तक्ता बनवते, आणि दुसऱ्या फेरीत स्टाइलशीट तो वाचते. शब्दसूचीतले ‘४१, ४१, ४२’ हेही याच तक्त्यामुळे ‘४१–४२’ होतात. एक्सएसएल १.१ मध्ये (एक्सएसएल-एफओच्या पुढच्या आवृत्तीत) अशा सूचीसाठी खास घटक आहेत, पण एफओपी ते हाताळत नाही.

यात एक खरा सापळा आहे. ‘पुढील पानावर’ हे ‘पृष्ठ ८८’पेक्षा लांब. त्यामुळे परिच्छेद एका ओळीने वाढला आणि आकृती आणखी एक पान पुढे गेली. मग पुढच्या फेरीत ‘पृष्ठ ८९’ आलं, एक ओळ कमी झाली, आकृती परत ८८वर. पुन्हा ‘पुढील पानावर’. हे कधीच थांबलं नसतं. आम्ही चार फेऱ्यांची मर्यादा घातली आहे; तेवढ्यात जो संदर्भ स्थिरावत नाही त्याला साधा पृष्ठक्रमांक द्यायचा. साडेसहाशे पानांत असे दोनच निघाले.

आणि मराठी. तयार स्टाइलशीटमध्ये संदर्भाचा मजकूर ‘नाम अधिक क्रमांक’ असा ठोकळा असतो, आणि मराठीत नामाला विभक्ती लागली की नाम बदलतं. तक्ता, पण तक्त्यात. प्रकरण, पण प्रकरणाचा. ठोकळ्यातला ‘तक्ता ३.२’ जसाच्या तसा ठेवून पुढे ‘मध्ये’ जोडलं तर चालून जातं. ‘तक्ता ३.२च्या शेवटी’ मात्र कानाला खटकतं. यावर दोन उपाय केले. पहिला, संदर्भाच्या शैलीत ‘फक्त क्रमांक’ असा पर्याय दिला, नाम लेखकाने स्वतः, हव्या त्या रूपात लिहायचं: ‘तक्त्याच्या शेवटी (३.२)’. दुसरा उपाय शीर्षकांसाठी. शीर्षकाला कधीच प्रत्यय लावायचा नाही, ते अवतरणात ठेवून पुढे ‘या’ घालायचा: ‘दाब उतरवणे’ या विभागात. विभक्ती ‘विभाग’ला लागते आणि शीर्षक जसं आहे तसं राहतं. हा ‘या’ स्टाइलशीटच घालते, लेखकाला लक्षात ठेवावं लागत नाही. नाम आणि क्रमांक यांच्यात न तुटणारी मोकळी जागाही तीच घालते, म्हणजे ‘आकृती’ एका ओळीत आणि ‘५.३’ पुढच्या ओळीत असं होत नाही.

आयडी देवनागरीत ठेवण्याचा मोह मलाही झाला. एक्सएमएल त्याला परवानगी देतं, आणि लेखकांना ‘आकृती-पायऱ्या’ हे नाव रोमन अक्षरांपेक्षा जवळचं वाटतं. पण ‘पायऱ्या’मधला ‘ऱ’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकसंध ‘ऱ’, ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब), आणि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एक्सएमएल नावांची तुलना कोडबिंदूगणिक, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड क्रमांकावरून करतं, म्हणून त्याच्या लेखी ती तीन वेगळी नावं. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एक रूप देण्याने) पहिली दोन एक होतात, तिसरं होत नाही. तपासणीच्या यादीत ‘आकृती-पायऱ्या सापडली नाही’ आणि फाइलमध्ये ती डोळ्यांसमोर, असा अर्धा दिवस गेल्यावर आयडी रोमनमध्ये नेले. नावं अर्थावरूनच ठेवतो, क्रमांकावरून कधीच नाही. ज्या आयडीत ‘५-३’ असतं ती आकृती दोन महिन्यांत ५.६ झालेली असते.

राहिलेला भाग दोन खंडांमधल्या संदर्भांचा. एफओपी दुसऱ्या पीडीएफमधलं पान सांगू शकत नाही, कारण आयडी शोधण्याची त्याची हद्द एका दस्तऐवजापुरती आहे. पहिला खंड छपाईला गेला त्याच दिवशी त्याचा आयडी-पान तक्ता वेगळा काढून ठेवला आणि त्या फाइलला हात लावायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या खंडातला ‘खंड १, पृष्ठ २१४’ त्या गोठवलेल्या तक्त्यातून येतो. पहिल्या खंडाचा मजकूर त्यानंतर कितीही बदलला तरी वाचकाच्या हातातल्या प्रतीशी तो जुळतो. उलट दिशेने, म्हणजे पहिल्या खंडातून दुसऱ्याकडे, पान देत नाही. फक्त प्रकरणाचा क्रमांक आणि विभागाचं शीर्षक.