रास्पबेरी पाय ४ आणि बाटोसेरा : टीव्हीवरच्या जुन्या गेमांसाठी घरी जुळवलेल्या यंत्राचे परीक्षण

टीव्हीला जोडायची, खोक्यावर ‘दहा हजार गेम’ असे छापलेली तयार स्टिक दोन-अडीच हजार रुपयांत मिळत असताना त्याच कामासाठी तिप्पट पैसे घालून, रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्यावर चालणारी बाटोसेरा ही मोफत गेम-प्रणाली घेऊन, स्वतः यंत्र का जुळवावे, हा प्रश्न रास्त आहे. सांगलीत आमच्या घरी या दोन्ही वस्तू एकाच टीव्हीवर वापरून झाल्या आहेत आणि माझा कौल जुळवलेल्या यंत्राच्या बाजूने आहे. मात्र तो सरसकट नाही. बहुतेकांचे सगळे लक्ष बोर्ड किती वेगवान आहे याकडे असते. खेळताना मजा येणार की चिडचिड होणार, हे मात्र वीजपुरवठा, गेम खेळायचा रिमोट आणि टीव्हीचे सेटिंग यांवर ठरते.

तयार स्टिकचा हिशेब आधी मिटवून टाकू. दहा हजारांच्या यादीत एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्त्या वेगवेगळ्या मोजलेल्या होत्या, शिवाय नाव बदलून पुन्हा घातलेले गेमही बरेच होते. चित्र टीव्हीच्या पूर्ण रुंदीला ताणलेले असल्याने मारिओ बुटका आणि जाडा दिसत होता, आणि ते सरळ करण्याची सोय मेनूत कुठेच सापडली नाही. सोबतचे बिनतारी रिमोट हलके होते, आणि त्यांचे बटण दाबणे व पडद्यावर उडी दिसणे यांत जाणवण्याइतके अंतर होते. ज्याला चार दिवस मुलांपुढे काहीतरी ठेवायचे आहे त्याचे काम अशा स्टिकवर भागेल. ज्याने लहानपणी ‘कॉन्ट्रा’ मनापासून खेळला आहे त्याचे भागणार नाही.

आता बोर्ड. रास्पबेरी पाय ४ हा जून २०१९ मध्ये आलेला, साधारण पत्त्याच्या पानाएवढा संगणक असून त्यात १.५ गिगाहर्ट्झचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे. एक, दोन, चार आणि आठ जीबी अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या; या कामाला दोन जीबी पुरते, आणि आठ जीबीसाठी जादा पैसे मोजण्यात काहीही अर्थ नाही. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेमयंत्रापासून सेगाचे मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो आणि १९९४ चे पहिले प्लेस्टेशन इथपर्यंतचे गेम तो पूर्ण वेगाने चालवतो. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रांग लावून खेळले जाणारे गेमही, ज्यात १९९३ चा आणि आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला जाणारा कॅपकॉमचा गेम आला, तो सहज पेलतो. निन्टेंडो ६४ वर तो काही गेमांत अडखळतो, आणि प्लेस्टेशन २ ची अपेक्षा त्याच्याकडून ठेवूच नये.

सांगलीत हा बोर्ड समोरच्या दुकानात जाऊन उचलून आणावा असा मिळत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमुळे शहरात सेन्सर, आर्डुइनो, वायरी असे सुटे भाग मिळतात, पण पाय ४ मागणी नोंदवून मागवावा लागला. बोर्ड, अधिकृत अडॅप्टर, ॲल्युमिनियमची पेटी, ६४ जीबीचे मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआय केबल आणि दोन तारेचे रिमोट असा सगळा खर्च ८,००० रुपयांच्या आत बसला. एचडीएमआयची दोन तोंडे बोर्डावर आहेत. वीज जोडायच्या तोंडाशेजारचे वापरावे, कारण मुख्य तोंड तेच. ही तोंडे नाजूक आहेत, त्यामुळे जाड, ताठ केबल लोंबकळत ठेवू नये.

सर्वांत जास्त काटकसर लोक अडॅप्टरवर करतात, आणि तीच सर्वांत महागात पडते. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. घरातला मोबाइलचा चार्जर जोडला तर यंत्र सुरू होते, पण खेळ रंगात आला आणि बोर्डाने जास्त वीज ओढली की बारीक केबलमधून येणारा विजेचा दाब खाली उतरतो. तो सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड आपला वेग स्वतःच कमी करतो. त्याची खूण म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारे विजेचे छोटे चिन्ह. आवाज तुटू लागला, गेम मध्येच संथ झाला की पुष्कळ जण बोर्डालाच दोष देतात. अडॅप्टर बदलला की बहुधा तो दोष निघून जातो.

दुसरी अडचण आपल्याकडच्या विजेची. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग भरून आले की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि हे यंत्र कार्डावर लिहीत असतानाच ती गेली तर कार्डावरची मांडणी बिघडून यंत्र पुढच्या वेळी सुरूच न होण्याची शक्यता असते. घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि पाय दोन्ही त्याच्याच जोडणीवर घ्यावेत आणि इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असल्यास ते चालू ठेवावे, कारण साध्या मोडमध्ये वीज इन्व्हर्टरवर जाण्याच्या क्षणात बोर्ड पुन्हा सुरू होऊ शकतो. आणखी एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. या यंत्रातले बहुतेक गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रणालीच्या मूळ मांडणीत, गेमच्या आत आपण ‘सेव्ह’ केलेली प्रगती कार्डावर उतरते ती गेममधून बाहेर पडताना. म्हणजे तासभर खेळून, गेममध्ये नीट सेव्ह करूनही, बाहेर पडण्याआधी वीज गेली तर तो तास वाया जातो. ठरावीक सेकंदांनी आपोआप सेव्ह करण्याचा पर्याय त्यात आहे. तो पहिल्याच दिवशी चालू करावा, आणि सगळे बसवून झाल्यावर कार्डाची एक पूर्ण प्रत संगणकावर काढून ठेवावी.

पेटी ॲल्युमिनियमची घेण्याचे कारणही हवामानाचेच आहे. प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे तापला की बोर्ड वेग घटवतो. आपल्या उन्हाळ्यात टीव्हीच्या कपाटात बंद ठेवलेली प्लास्टिकची पेटी त्या आकड्याकडे लवकर सरकते. धातूची पेटी स्वतःच उष्णता बाहेर टाकते, आवाज करत नाही आणि पंख्यासारखी धूळही ओढून घेत नाही.

खरी गंमत चित्रात आहे. फॅमिकॉमचे चित्र २५६ आडवे आणि २४० उभे ठिपके एवढेच असते, आणि ते ४:३ प्रमाणाच्या जुन्या टीव्हीवर दाखवण्यासाठी बनवलेले होते. आजच्या १०८० ओळींच्या पडद्यावर ते उभे भरायचे तर प्रत्येक ओळ साडेचार पट करावी लागते. अर्धी ओळ दाखवता येत नसल्याने काही ओळी चार आणि काही पाच ओळींच्या जाडीच्या होतात, आणि चित्र सरकू लागले की त्यात एक विचित्र लाट उठते. उपाय दोन आहेत. पूर्णांकाच्या पटीत मोठे करण्याचा पर्याय निवडला तर चित्र चौपट, म्हणजे ९६० ओळींचे होते, वर-खाली थोडी काळी पट्टी राहते आणि ठिपके काटेकोर दिसतात. दुसरा उपाय म्हणजे शेडर, म्हणजे चित्रावर जुन्या टीव्हीच्या काचेचा आभास चढवणारी छोटी प्रणाली. ‘सीआरटी-पाय’ नावाचा शेडर तर रास्पबेरी पायच्या आधीच्या बोर्डांच्या कुवतीचा विचार करून लिहिला गेला आहे. मला दुसरा उपाय जास्त भावला, कारण त्या काळच्या चित्रकारांनी रंगांची सरमिसळ जुन्या टीव्हीची किंचित अस्पष्टता गृहीत धरून केली होती आणि काटेकोर ठिपक्यांत ती उघडी पडते. कोणताही उपाय निवडला तरी प्रमाण ४:३ च ठेवावे. डावी-उजवीकडे काळी जागा राहते म्हणून घरातले कुणीतरी चित्र ताणायला सांगतेच; ऐकू नये.

टीव्हीकडेही एक नजर टाकावी लागते. अनेक संच चित्राच्या कडा आपणहून कापतात आणि मग गुण किंवा उरलेले जीव दाखवणारी वरची ओळ दिसतच नाही. चित्र पडद्यात पूर्ण बसवण्याचा पर्याय टीव्हीच्या मेनूत शोधून तो चालू करावा. ज्यांच्या माळ्यावर जुना डबा टीव्ही अजून चालू स्थितीत आहे, त्यांनी तर त्याची धूळ जरूर झटकावी. पाय ४ वरच्या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रातून आवाजाबरोबर चित्रही मिळते. मुळात ते बंद ठेवलेले असते आणि सेटिंगच्या फायलीत चालू करावे लागते. केबल घेताना मात्र सावध राहावे, कारण दिसायला सारख्या असलेल्या काही केबलींत चित्राची आणि भूमीची (ग्राउंडची) तार उलट जोडलेली असते.

वेगाचा मुद्दा अनेकांना गोंधळात टाकतो. यंत्रावर गेम सुरू केल्यावर ‘हा आम्ही खेळायचो त्यापेक्षा पळतोय’ असे आमच्या घरी आलेल्या चाळिशीतल्या एका पाहुण्यांनी सांगितले आणि ते योग्यच बोलत होते. जपान आणि अमेरिकेत हे गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालत. आपल्याकडचे टीव्ही पाल या प्रक्षेपण-पद्धतीचे, ५० हर्ट्झचे होते, आणि नव्वदच्या दशकात घरोघरी असलेली, पिवळ्या कॅसेटची पाल टीव्हीसाठी बनवलेली नकली यंत्रे ५० च्याच गतीने गेम चालवत. साहजिकच संगीतही थोडे संथ आणि उडीही थोडी लांबट असे. फॅमिकॉमसाठीच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रदेश निवडताना ‘डेंडी’ नावाचा पर्याय दिसतो. डेंडी हे रशियात विकले गेलेले तसेच नकली यंत्र, आणि त्याची गती आपल्या आठवणीतल्या गतीशी जुळते. हा पर्याय घेतल्यावर यंत्राचे आउटपुटही ५० हर्ट्झवर न्यावे, नाहीतर चित्र हिसके देत सरकते. गेम बनवणाऱ्यांना अभिप्रेत गती ६० चीच, हे मान्य करूनही मी ‘कॉन्ट्रा’साठी ५० वापरतो.

उशीर हा त्याहून नाजूक विषय. आधुनिक टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्याच्यावर बरीच प्रक्रिया करतो आणि काही संचांत त्यात १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. गेमचे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे असते, म्हणजे आपण बटण दाबल्यावर सहा चित्रे निघून गेल्यावर परिणाम दिसणार; खड्ड्याच्या काठावरून उडी मारणाऱ्याला एवढे पुरे आहे. टीव्हीचा गेम मोड चालू केला की यातला बराच भाग नाहीसा होतो. तो चालू करायला एक पैसाही लागत नाही आणि या परीक्षणातली सर्वांत मोलाची सूचना मी हीच मानतो. त्यापुढे रेट्रोआर्चमध्ये ‘रन-अहेड’ हा पर्याय आहे. गेमच्या स्वतःच्या रचनेतला एखाद्या चित्राचा उशीर तो पुढचे चित्र आधीच मोजून भरून काढतो. जुन्या यंत्रांच्या गेमांसाठी तो एका चित्रापुरता ठेवावा, प्लेस्टेशनसाठी बंद करावा, कारण तिथे बोर्डाची दमछाक होते.

रिमोट तारेचेच घ्यावेत. बिनतारी रिमोटची बॅटरी ऐन वेळी संपते, दोन जण खेळत असताना कोणता पहिला आणि कोणता दुसरा याचा घोळ होतो, आणि किमतीतला फरकही कमी नाही. पाहण्याची गोष्ट म्हणजे डावीकडचे चार दिशांचे बटण: नुसते उजवीकडे दाबल्यावर तिरपी दिशाही लागत असेल तर तो रिमोट दुकानातच परत करावा. पूर्वी रिमोटची तार इतकी आखूड असे की टीव्हीला नाक लावून बसावे लागे. तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घेतली की आता सोफ्यावरून खेळता येते. बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ मात्र जुन्या बंदुकीने सपाट टीव्हीवर होणार नाही. त्या बंदुकीतला प्रकाशसंवेदक जुन्या काचेच्या पडद्यावर प्रकाश नेमक्या क्षणी उमटण्यावर अवलंबून असतो आणि नव्या पडद्यावर तो क्षण जुळत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रेट्रोपाय, रेकलबॉक्स आणि बाटोसेरा हे तिन्ही मोफत आहेत आणि आतून एम्युलेटर बरेचसे तेच वापरतात. रेट्रोपायमध्ये हवे ते बदलता येते, पण त्याची तयार प्रतिमा, म्हणजे कार्डावर लिहायची फाइल, २०२२ नंतर निघालेली नाही. बाटोसेरा कार्डावर लिहिले की चालते, रिमोट आपणहून ओळखते, म्हणून मी तेच ठेवले.

गेम कुठून आणायचे, हा प्रश्न टाळून चालणार नाही. एम्युलेटर वापरणे आणि कुणाच्या मालकीचा गेम परवानगीशिवाय उतरवून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गेम जुना झाला म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही. सुदैवाने कायदेशीर साठाही उघडा आहे. रेकलबॉक्समध्ये छंदी मंडळींनी बनवलेले मोफत गेम आधीच घातलेले असतात. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा साहसी गेम २००३ मध्ये त्याच्या निर्मात्यांनीच मोफत केला. आणि २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ हा केवळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला, फॅमिकॉमच्या वंशातल्या यंत्रासाठी नव्याने लिहिलेला गेम विकत घेण्याजोगा आहे; चौघांनी एकदम खेळावा असा दुसरा गेम आमच्याकडे नाही.

ज्यांना प्लेस्टेशन २ हवेच आहे त्यांनी या बोर्डाच्या वाटेला जाऊ नये. एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना पण बऱ्यापैकी ताकदीचा डेस्कटॉप तेवढ्याच पैशांत मिळाला तर त्यावर बाटोसेरा अधिक गेम चालवते. जागा, आवाज आणि विजेचा खर्च तेवढा सोसावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ५ बराच वेगवान आहे, परंतु त्याच्यासाठी ५ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर सुचवलेला आहे आणि ३.५ मिलिमीटरचे छिद्र त्यावर नाही. डबा टीव्ही वापरणाऱ्यांनी म्हणूनच पाय ४ मिळतो आहे तोवर तोच घ्यावा.