देशोदेशीचे लिंग-ओळखीचे कायदे एका जागी ठेवायला घेतलेलं टेबल-अ‍ॅप, सात महिने वापरून

आधी काम काय होतं ते सांगते म्हणजे रिव्ह्यू नीट कळेल. आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे, ट्रान्स लोकांना कागदपत्रांवरचं नाव आणि लिंग बदलायला मदत करतो. दुसऱ्या देशात शिकायला किंवा नोकरीला जाणारे हमखास विचारतात की तिकडे माझे कागद चालतील का, तिकडे बदलता येतील का. म्हणून देशवार कायद्यांचा डेटाबेस करायला घेतला. आधी साधी स्प्रेडशीट होती, एकेका सेलमध्ये अर्धं पान मजकूर कोंबलेला, कोणी कधी काय बदललं पत्ता नाही. मग हे ऑनलाइन टेबल-अ‍ॅप घेतलं.

सगळ्यात भारी म्हणजे टेबलं एकमेकांना जोडता येतात. ऐकायला किरकोळ वाटतं पण आमचं निम्मं काम यावरच उभं आहे. जर्मनीचं बघा ना, 1980 चा कायदा, त्यात कागदावर लिंग बदलायचं तर ऑपरेशन आणि नसबंदीची अट. 2011 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती अट उडवली, पण कायद्याच्या मजकुरात ती तशीच राहिली, पार 1 नोव्हेंबर 2024 ला नवा कायदा लागू होईपर्यंत. आता तुम्ही ‘ऑपरेशनची अट: हो / नाही’ असा एकच रकाना ठेवलात तर कायदा वाचणारा हो लिहिणार, निकाल वाचलेला नाही लिहिणार, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. आमच्याकडे तेच झालं, दोघांनी मिळून ती ओळ तीनदा उलटसुलट केली. आता कायदे एका टेबलात, निकाल दुसऱ्या, आणि निकालाच्या ओळीतून थेट कलमाला लिंक. कायद्याला नाही, कलमाला, हे महत्त्वाचं. कारण जपानच्या सुप्रीम कोर्टाने 25 ऑक्टोबर 2023 ला नसबंदीची अट घटनाबाह्य ठरवली पण बाह्य जननेंद्रियांच्या दिसण्याबद्दलच्या अटीचा मुद्दा खालच्या कोर्टाकडे परत पाठवला, म्हणजे एकाच कायद्यातल्या दोन अटींची दोन वेगळी नशिबं. हो-नाहीच्या रकान्यावर भरवसा ठेवून कोणी विमानात बसलं तर काय होईल याचा विचार करून मला खरंच झोप लागत नसे.

तारखांनी मात्र जीव काढला. एका कायद्याला मंजूर, लागू आणि ‘कधीपर्यंत’ अशा तीन तारखा लागतात. तिसरी आम्ही सुरुवातीला ठेवलीच नव्हती, मनात होतं की हक्क एकदा मिळाला की मिळाला. मग हंगेरी भरताना थांबलो, तिथे 2020 मध्ये कागदावरचं लिंग बदलणंच बंद केलं, रशियाने 2023 मध्ये. रकाना आम्ही वाढवला, पण अ‍ॅपची अडचण अशी की नुसतं वर्ष टाकलं की ते स्वतःहून 1 जानेवारी करून टाकतं आणि सांगत पण नाही. स्वीडनचा 1972 चा कायदा असाच 1 जानेवारीचा होऊन बसला होता. कायद्याच्या कामात खोटी तारीख रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. शेवटी वर्षासाठी वेगळा आकड्याचा रकाना केला.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे देश एका ओळीत मावत नाहीत, पासपोर्ट केंद्र सरकारचा आणि जन्मदाखला राज्याचा. ओळीखाली ओळ करता येते म्हणून देश, राज्य, कागद असं लावलंय, कॉम्प्युटरवर मस्त दिसतं, मोबाईलवर तिसरी पातळी गायब.

एक मोठा घोळ पण झाला. ड्रॉपडाउनमधला ‘स्वतःच्या घोषणेवर’ (म्हणजे डॉक्टर-कोर्टाशिवाय, माणसाने स्वतः सांगितलं की कागदावरचं लिंग बदलतं) हा पर्याय कोणीतरी डुप्लिकेट समजून डिलीट केला आणि अर्जेंटिना, डेन्मार्क, माल्टा, आयर्लंड, सगळ्यांच्या ओळी एका झटक्यात रिकाम्या. हिस्टरी होती म्हणून वाचलो, पण एकेक ओळ उघडून परत भरावी लागली आणि सपोर्टचं उत्तर चार दिवसांनी आलं. तेव्हापासून दर रविवारी एक्स्पोर्ट करून ठेवतो, आणि ड्रॉपडाउन बदलायची परवानगी फक्त दोघांना.

‘शेवटचं कधी तपासलं’ हा रकाना नक्की ठेवा. सहा महिने झाले की ओळ लाल होते असं सेटिंग केलंय, फुकटच्या व्हर्जनमध्ये पण चालतं. आणि कळकळीने सांगते, लोकांच्या केसेस, नावं, फोन नंबर यात अजिबात टाकू नका, शेअरची लिंक कुठून कुठे जाईल सांगता येत नाही आणि काही देशांत तेवढ्यावरून माणूस गोत्यात येतो.

पाचपैकी साडेतीन. तारखेत नुसतं वर्ष ठेवायची सोय आली की चार करेन.