किनाऱ्यालगतची वाट: काठावरून न्यायची की आतून, खडीची करायची की काँक्रीटची?

किनाऱ्याला लागून चालण्या-सायकलीची वाट करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत पृष्ठभागाची चर्चा सुरू होते. डांबर की काँक्रीट, फळ्या की खडी. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायला हवं ते वाट समुद्रापासून किती अंतरावर ठेवायची हे. तिथे चुकलं तर वरचा थर कितीही उत्तम असला तरी तो खालून पोखरला जातो. म्हणून तुलनेची सुरुवात मी तिथूनच करतो.

काठावरून की आतून

काठावरून जाणाऱ्या वाटेचं आकर्षण कोणालाही समजेल. लोक समुद्रासाठीच येतात. वाट फार आत नेली तर ते तिच्यावरून उतरतात आणि वाळूच्या टेकड्या तुडवत स्वतःची मळलेली वाट पाडतात. या टेकड्यांवरची वाळू धरून ठेवणारी झाडं, म्हणजे उष्ण किनाऱ्यांवरची मर्यादवेल किंवा थंड किनाऱ्यांवरचं मॅरम गवत, वाऱ्याला आणि खाऱ्या तुषारांना पुरून उरतात, पण माणसाच्या पावलांपुढे टिकत नाहीत. वेल तुटली की वाळू उघडी पडते, वारा तिथे घळ पाडतो आणि पुढच्या उधाणाचं पाणी त्याच घळीतून आत शिरतं. त्यामुळे 'आत न्या, सुरक्षित राहील' इतकं सरळ उत्तर नाही.

तरीही अगदी काठावर बांधण्याची किंमत काय असते, हे रिओ द जानेरोमध्ये दिसलं. तिथे लेब्लॉन ते साओ कॉनराडो हा उंचावलेला सायकलमार्ग खडकाळ किनाऱ्याला चिकटून बांधला आणि जानेवारी २०१६ मध्ये खुला केला. २१ एप्रिल २०१६ रोजी एक मोठी लाट खडकावर आपटून वर उसळली, तिने मार्गाचा एक भाग खालून उचलला आणि तो कोसळून दोन माणसं गेली. पुलाच्या तक्त्यावर भार वरून येतो असं आपण धरून चालतो. तिथे तो खालून आला. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये मुसळधार पावसात याच मार्गाचे आणखी तुकडे ढासळले. म्हणजे समुद्राचं पाणी आणि डोंगराचं पाणी, दोन्हींनी त्याला गाठलं.

काठावरची वाट टिकतच नाही असं मात्र नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅन्ले पार्कभोवती सुमारे ९ किलोमीटरची दगडी समुद्रभिंत आहे आणि तिच्यावरून लोक रोज चालतात, सायकली चालवतात. पण तिचं बांधकाम १९१७ मध्ये सुरू झालं आणि वर्तुळ पूर्ण व्हायला १९७१ साल उजाडलं. इतक्या वर्षांनी, जानेवारी २०२२ च्या वादळात, मोठ्या भरतीच्या वेळी लाटांनी वाहून आणलेले ओंडके तिच्यावर आदळले आणि जागोजागी ती फुटली. काठावरची वाट हवी असेल तर तुम्ही वाट नव्हे, समुद्रभिंत बांधायला घेता आहात असं समजून खर्च मांडा.

समुद्रही जागच्या जागी राहत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने चढली आणि २००६ नंतर चढण्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. मऊ मातीच्या कड्याबद्दल 'दरवर्षी सरासरी ३० सेंटीमीटर झीज' असं अहवालात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही नीट घ्यायला हवा. कडा दरवर्षी वीतभर मागे सरकत नाही. नऊ वर्षं काहीच होत नाही आणि दहाव्या पावसाळ्यात एका रात्री तीन मीटर जातो.

म्हणून माझा कौल असा: मुख्य वाट पुढच्या पन्नास वर्षांत कडा जिथवर येईल असा अंदाज आहे त्याच्याही आत ठेवावी आणि तिच्यापासून काठाकडे छोटे फाटे काढावेत. फाट्याच्या टोकाला बसायला जागा, कठडा, खाली पाहण्यासारखा खडक. फाटा वाहून गेला तर फाटाच जातो, वाट सुरू राहते. फाटे मात्र पुरेसे हवेत आणि मुख्य वाटेवरून समुद्र अधूनमधून दिसायला हवा, नाहीतर पुन्हा मळलेल्या वाटा पडतील. इंग्लंडने २००९ च्या सागर व किनारा प्रवेश कायद्यात एक शहाणपणाची तरतूद केली आहे: कडा ढासळला तर वाट आतल्या बाजूला सरकवता येते. जमिनीचे करार करतानाच अशी मागे सरकण्याची जागा लिहून घेतली, तर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

जुनी सुधारायची की नवी काढायची

जुना रेल्वेमार्ग हाताशी असेल तर दुसरा विचार करू नका. आगगाडीला चढ चालत नाही, त्यामुळे उतार आधीच सौम्य असतो आणि भराव वर्षानुवर्षांच्या भाराखाली दबलेला असतो. इटलीत सानरेमोच्या बाजूला रेल्वे डोंगराआड हलवली आणि मोकळ्या झालेल्या किनारी मार्गावर २४ किलोमीटरची सायकलवाट झाली. इटलीच्याच एड्रियाटिक किनाऱ्यावर ओर्तोना ते वास्तो हा सुमारे ४२ किलोमीटरचा पट्टाही असाच घडला. अशा ठिकाणी खरी तपासणी मोऱ्यांची करायची. गाड्या बंद झाल्यावर मोऱ्या साफ करायला कोणी गेलेलं नसतं आणि भरावामागे पाणी साचत राहतं.

जुनी पायवाट रुंद करताना जास्त जपावं लागतं. बहुतेक ठिकाणी रुंदी वाढवताना माती समुद्राच्या बाजूला ढकलतात, कारण डोंगराच्या बाजूला खोदणं अवघड असतं. त्या ढकललेल्या मातीवर रोलर नीट फिरत नाही, कडेला तर फिरतच नाही. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेच्या मधोमध, काठाला समांतर, एक बारीक भेग दिसते. अशी भेग डांबराने भरून टाकू नका. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, खिळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. अंतर वाढलं असेल तर वाटेचा बाहेरचा अर्धा भाग निघाला आहे, आणि त्यावर घातलेला प्रत्येक नवा थर त्याचं वजनच वाढवणार आहे.

जुनी वाट सुधारण्याच्या बाजूने माझं सर्वांत मोठं कारण म्हणजे तिच्याबद्दल माहिती असते. पाणी कुठे साचतं, वारा कुठे वाळू आणून टाकतो, लोक कुठे वळण तोडून जातात, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. नव्या आखणीत हे कळायला किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक मोठं उधाण बघावं लागतं, आणि तेवढा धीर सहसा कोणी धरत नाही.

खडी, डांबर, काँक्रीट, फळ्या

दाबलेली खडी आणि कच ही सर्वांत कमी लेखली जाणारी निवड. २० मिलिमीटरपासून भुकटीपर्यंतची फोडलेली खडी ओली करून थराथराने दाबली, मधला उंचवटा किंवा एका बाजूला दोन टक्के उतार ठेवला, तर चाकाची खुर्चीसुद्धा तिच्यावरून जाते. तुटली तर फावडं आणि छोटा रोलर घेऊन दोन माणसं दिवसभरात दुरुस्त करतात. वाट मागे सरकवायची वेळ आली तर सामान उचलून नेता येतं. तिची उणीव चढावर दिसते. उतार पाच टक्क्यांच्या वर गेला, की पावसाचं पाणी कच धुऊन नेतं आणि वर सुटे गोल खडे राहतात. त्यावर उतरताना ब्रेक लावला की मागचं चाक सरकतं. म्हणून खडी सपाटीवर घालावी आणि चढाचे तुकडे पक्के करावेत. दोन्हींची सरमिसळ करण्यात काही कमीपणा नाही.

डांबर सायकलला सर्वांत गोड. रोज कामावर जाणारे लोक ही वाट वापरणार असतील तर त्यांना तेच हवं असतं. खारं पाणी डांबराचं फारसं बिघडवत नाही. ते बिघडतं कडेने, जिथे आधार देणारी माती वाहून जाते, आणि खालून, जिथे झाडांची मुळं त्याला उचलतात.

काँक्रीटबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण किनाऱ्यावर सर्वाधिक पैसा इथे वाया जातो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून आत झिरपतं, सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून फुगतं. सुरुवातीला बाहेरून फक्त एक तांबूस ओघळ दिसतो. हातोडीने हलकं ठोकत गेलात तर चांगल्या भागावर टणक आवाज येतो आणि त्या ओघळाजवळ पोकळ, मडक्यासारखा. तो पोकळ आवाज ऐकला की तिथलं आवरण आधीच सुटलेलं आहे हे समजावं. पूल, खांब, अधांतरी तक्ते यांना सळईशिवाय गत्यंतर नाही. तिथे घट्ट काँक्रीट, सळईवर किमान ५० मिलिमीटर आवरण, किंवा लोखंडाऐवजी काचतंतूंची सळई, यांवर तडजोड करू नये. पण जमिनीवर टेकलेल्या वाटेच्या स्लॅबला बहुतेक ठिकाणी सळईची गरजच नसते. जमीन नीट दाबलेली असावी, ठरावीक अंतरावर स्लॅबच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खोल सांधा करवतीने कापावा, म्हणजे तडा त्या सांध्यातच जातो. ज्यात लोखंडच नाही त्याला गंजाची भीती नाही. सांधे करवतीने कापलेले बारीक असावेत. थापीने ओढलेल्या रुंद सांध्यांवर सायकलचं चाक प्रत्येक वेळी धडकतं आणि दहा किलोमीटरनंतर मनगटं दुखायला लागतात.

जाडी ठरवताना सायकलींचा विचार करून उपयोग नाही. वाटेवर सर्वांत जड येणारी गोष्ट म्हणजे दुरुस्तीची गाडी किंवा रुग्णवाहिका.

फळ्यांची उंचावलेली वाट फक्त दोन ठिकाणी योग्य वाटते: वाळूच्या टेकड्यांवर आणि खाजणात, खारफुटीत. तिथे ती हवीच, कारण वाळू आणि पाणी खालून जाऊ देणं हेच तिचं काम आहे. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्यात. उभ्या बसवल्या तर फटीत टायर अडकतं. फट १३ मिलिमीटरहून मोठी नको, नाहीतर काठीचं टोक आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात रुततात. ओल्या लाकडावर शेवाळाचा पातळ थर चढतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि वळणावर सायकल आडवी होते, म्हणून वळणावर खरखरीत पट्ट्या हव्यातच. स्क्रू मॉलिब्डेनम असलेल्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ प्रत दुकानात सारखीच चकाकते, पण खाऱ्या हवेत तिच्यावर तपकिरी ठिपके पडतात. जिथे खाली झाडोरा वाचवायचा आहे तिथे काचतंतूंची जाळी फळ्यांपेक्षा सरस, कारण उजेड खाली पोचतो.

एकत्र की वेगळ्या

चालणारा ताशी ५ किलोमीटर जातो, सायकलवाला २० किंवा त्याहून जास्त. वर्दळ कमी असेल तर तीन मीटर रुंदीची एकत्र वाट चालते, चार मीटर असेल तर निर्धास्त. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मीटर मोकळी जागा त्याशिवाय. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते तिथे मात्र वेगळं करावंच. नुसता पांढरा पट्टा मारून भागत नाही. माणसं जोडीने, गप्पा मारत, मुलाचा हात धरून चालतात आणि पट्टा ओलांडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पातळीत थोडा फरक, मध्ये तिरका बुटका काठ किंवा झुडपांची ओळ हवी. समुद्राकडची बाजू चालणाऱ्यांना द्या. थांबून पाहणारे तेच असतात.

जागा दोघांना पुरत नसेल तर सायकलवाट आतून न्यावी आणि काठ पायी चालणाऱ्यांना राखावा. सायकलस्वाराला दोनशे मीटरचा वळसा काहीच नाही, म्हाताऱ्या माणसाला तो फार असतो.

कठड्यांबाबत एकच सांगतो. चालणाऱ्यासाठी पुरेशी असलेली उंची सायकलस्वाराला अपुरी पडते, कारण त्याच्या शरीराचा भार वर असतो आणि धडकला तर तो कठड्यावरून पलीकडे जातो. ब्रिटनमध्ये सायकलमार्गाच्या पुलांसाठी १.४ मीटर उंची सांगितली जाते, ती मला योग्य वाटते. दिवे जितके कमी तितके बरे. समुद्री कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात आणि पाण्याऐवजी वाटेवर येतात. विणीच्या किनाऱ्यावर दिवे लावायचेच असतील तर ते बुटके, झाकलेले आणि अंबर रंगाचे असावेत.

देखभाल कोणाकडे

पर्यायांची तुलना करताना बांधकामाच्या खर्चाशेजारी आणखी दोन रकाने काढा: वादळानंतर वाट किती दिवसांत पुन्हा उघडेल आणि ते काम कोण, कोणत्या यंत्राने करेल. पुष्कळदा याच रकान्यांत निकाल लागतो. वाऱ्याने आणलेली दोन बोटं कोरडी वाळू डांबरावर पसरली की पुढचं चाक तिच्यात रुततं, म्हणून टेकड्यांजवळच्या वाटेला दर आठवड्याला झाडणारं माणूस लागतं. डोंगराकडचा चर आणि मोऱ्या पावसाआधी उघडाव्या लागतात. गोळा झालेलं पाणी कड्यावर एकाच ठिकाणी सोडलं तर तिथेच घळ पडते, त्यामुळे मोरीच्या तोंडाशी दगड रचून पाणी पसरवावं लागतं आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ते दगड जागेवर आहेत का हे खाली वाकून पाहावं लागतं. या कामांसाठी माणसाचं नाव आणि वार्षिक रक्कम आराखड्यात नसेल, तर नव्या दोन किलोमीटरऐवजी आहे तेच पाच किलोमीटर नीट करावेत, असं मी सुचवेन.