रत्नागिरीचं मत्स्यालय: छोटं, पण मुलांना घेऊन जाण्याजोगं

झाडगावचं मत्स्यालय कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे. काचेचा बोगदा, डॉल्फिनचे खेळ असलं काही इथे नाही. ती अपेक्षा घरीच ठेवावी. टाक्या आणि जोडीला संग्रहालय, एवढाच पसारा. तासाभरात बघून होतं.

खरा ऐवज म्हणजे देवमाशाचा सुमारे 55 फुटी सांगाडा. घाई न करता त्याच्या पुढच्या पराची हाडं बघा. आत चक्क बोटांसारखी हाडं दिसतात, कारण देवमासा हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. लहानग्यांना हे दाखवलंत तर टाक्यांपाशीही ती वेगळ्या नजरेने बघतात.

फोटो बहुतेकांचे बिघडतात, ते फ्लॅशमुळे. काचेवरून उजेड उलटून येतो आणि मासाही बिचकतो. फ्लॅश बंद करून मोबाइलची लेन्स काचेला टेकवा आणि मासा थबकेपर्यंत थांबा. काचेवर टकटक मात्र नको. माशाच्या अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनशील रेषेला, म्हणजे पार्श्वरेषेला, पाण्यातली कंपनं जाणवतात, त्यामुळे तो कोपऱ्यात दडतो आणि मागच्यांना रिकामी टाकी बघावी लागते!

शक्यतो सुट्टीचा दिवस टाळून सकाळीच जा. गर्दीत लहान मुलांना काचेपर्यंत पोचताच येत नाही. उरलेल्या दिवसात थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग किल्ला सहज होतात. संध्याकाळ मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर. पावसाळ्यात मात्र तिथे पाण्यात उतरू नका.